मेसनचे खलाशी

लढाऊ जहाज म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे डोंगराएवढं लोखंड आणि त्यावरच्या अवाढव्य तोफा उभ्या राहतात. आज ज्या जहाजाबद्दल लिहायचं आहे ते तसं अजिबात नव्हतं. लांबी २८९ फूट, रुंदी ३५ फूट, तीन लहान तोफा आणि ताशी वीसेक सागरी मैलांचा वेग. नौदलातल्या मोठ्या जहाजांवरचे लोक अशा जहाजांकडे जरा तुच्छतेनेच बघत. 'यूएसएस मेसन' हे त्याचं नाव. दुसऱ्या महायुद्धात ते दीड वर्षभर अटलांटिक महासागरात फिरलं. त्याने एकही पाणबुडी बुडवली नाही, कुठलंही प्रसिद्ध युद्ध लढलं नाही. तरीही त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे, ती त्यावरच्या माणसांमुळे.

आधी हे जहाज कशासाठी होतं ते पाहू. इंग्लंडला अन्न, तेल, दारूगोळा सगळं समुद्रातून यायचं आणि जर्मन पाणबुड्या ती मालवाहू जहाजं टिपून बुडवत होत्या. त्यावर उपाय म्हणजे जहाजांनी एकट्याने न जाता ताफा करून जायचं आणि ताफ्याभोवती लढाऊ जहाजांनी पहारा द्यायचा. पण पहाऱ्याला लागणारी विनाशिका, म्हणजे डिस्ट्रॉयर, महागडी आणि बांधायला वेळ घेणारी. म्हणून अमेरिकेने तिची एक लहान, स्वस्त बहीण तयार केली. तिला डिस्ट्रॉयर एस्कॉर्ट म्हणत. युद्ध संपेपर्यंत अशी ५६३ जहाजं बांधून झाली. त्यांतली काही इंग्लंडलाही दिली.

या जहाजाचं मुख्य हत्यार तोफ नव्हतं. ते होते डेप्थ चार्ज, म्हणजे स्फोटकांनी भरलेली पिंपं. किती खोलीवर फुटायचं ते आधी ठरवायचं आणि जहाजाच्या मागून पाण्यात सोडून द्यायची. पाण्याचा दाब तेवढा झाला की ती फुटत. दुसरं 'हेजहॉग' नावाचं यंत्र पुढच्या बाजूला चोवीस लहान बाँब एकदम फेकायचं. ते कशाला तरी आदळले तरच फुटत, त्यामुळे आवाज आला म्हणजे पाणबुडीला लागलंच असं कळायचं. पाण्याखाली ध्वनिलहरी सोडून परत येणारा प्रतिध्वनी ऐकत एक माणूस कानाला यंत्र लावून रात्रंदिवस बसलेला असे. त्याचं चार तासांचं काम संपलं की दुसरा बसे.

अशा जहाजांनी मोठे पराक्रमही केले. पॅसिफिकमध्ये 'इंग्लंड' नावाच्या डिस्ट्रॉयर एस्कॉर्टने मे १९४४ मध्ये बारा दिवसांत सहा जपानी पाणबुड्या बुडवल्या. पण पहारेकऱ्याचं मोजमाप त्याने किती चोर पकडले यावर करायचं, की त्याच्या पाळीत घरात काही झालं नाही यावर? ताफा सुखरूप पोहोचला तर त्याची बातमी होत नाही. मेसनच्या वाट्याला हेच बिनबातमीचं काम आलं होतं.

आता माणसांकडे वळू. अमेरिकेच्या नौदलात पहिल्या महायुद्धानंतर बरीच वर्षं कृष्णवर्णीयांची नवी भरतीच बंद होती. १९३० नंतर दार किलकिलं झालं, पण ते फक्त भटारखान्याचं. कृष्णवर्णीय तरुणाने गोऱ्या अधिकाऱ्यांचं जेवण रांधायचं, टेबल लावायचं, बिछाने आवरायचे, बूट पुसायचे. तोफेला, यंत्राला, सुकाणूला हात लावायचा नाही. स्वयंपाक हे हलकं काम नव्हे. बोटीवरच्या भंडाऱ्याची इज्जत काय असते ते आपल्या खलाशी घरांना सांगायला नको. पण एका माणसाने ते आपणहून निवडणं वेगळं आणि कातडीचा रंग बघून अख्ख्या कौमेला तिथेच कोंडून ठेवणं वेगळं.

७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला, तेव्हा 'वेस्ट व्हर्जिनिया' या युद्धनौकेवर डोरी मिलर नावाचा असाच एक भटारखान्यातला नोकर होता. जखमी कप्तानाला हलवायला त्याने मदत केली आणि मग एका विमानविरोधी मशीनगनचा ताबा घेऊन गोळ्या संपेपर्यंत ती चालवली. ती चालवायचं शिक्षण त्याला कुणी दिलेलंच नव्हतं. सुरुवातीच्या बातम्यांत त्याचं नावही नव्हतं, नुसता 'एक निग्रो नोकर' एवढाच उल्लेख. कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रांनी पाठपुरावा केला तेव्हा नाव बाहेर आलं आणि मे १९४२ मध्ये अॅडमिरल निमिट्झ यांनी स्वतः त्याच्या छातीवर नेव्ही क्रॉस हे पदक लावलं. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचं दुसरं जहाज बुडालं आणि तो गेला. तेव्हाही त्याचा हुद्दा स्वयंपाक्याचाच होता. पदक मिळालं, पण भटारखाना सुटला नाही.

त्याच सुमारास 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीयांच्या वर्तमानपत्रात एका तरुण वाचकाचं पत्र छापून आलं. त्याचा प्रश्न असा की ज्या देशात मला अर्धा नागरिक म्हणून वागवतात त्यासाठी मी प्राण का द्यावे? त्याने उत्तरही स्वतःच सुचवलं: विजय दोन हवेत, एक बाहेरच्या शत्रूवर आणि एक घरातल्या अन्यायावर. त्यातून 'डबल व्ही' म्हणजे दुहेरी विजयाची मोहीम उभी राहिली. लढायला नाही म्हणणं त्यांना मंजूर नव्हतं, आणि लढून झाल्यावर गप्प बसणंही मंजूर नव्हतं.

या दबावाने नौदलाला हलावं लागलं. १ जून १९४२ पासून कृष्णवर्णीयांना खलाशाच्या सर्व कामांसाठी भरती करायचं ठरलं. प्रशिक्षण मात्र वेगळं, राहणं वेगळं. ग्रेट लेक्स इथल्या त्यांच्या छावणीला नाव दिलं 'कॅम्प रॉबर्ट स्मॉल्स'. हा रॉबर्ट स्मॉल्स कोण, ते थोडं बाजूला जाऊन सांगतो, कारण गोष्ट मुलांना वाचून दाखवण्यासारखी आहे.

तो चार्ल्सटन बंदरातला एक गुलाम. अमेरिकेतल्या यादवी युद्धात गुलामगिरीच्या बाजूने लढणाऱ्या दक्षिणेच्या सैन्याच्या 'प्लँटर' नावाच्या बोटीवर तो सुकाणू धरायचा. १३ मे १८६२ च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले असताना, त्याने आणि त्याच्या साथीदारांनी बोट सुरू केली. वाटेत आपल्या बायकामुलांना चढवून घेतलं. कप्तानासारखी टोपी घालून, कप्तानासारखा उभा राहून, वाटेतल्या किल्ल्यांना ठरलेल्या शिट्ट्यांचे इशारे देत तो तोफांच्या समोरून निघून गेला आणि बोट उत्तरेच्या नौदलाच्या हवाली केली. पुढे तो अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. योगायोग असा की मेसन आपल्या पहिल्या ताफ्याबरोबर निघालं ते याच चार्ल्सटन बंदरातून.

भरती खुली झाली खरी, पण शिकून तयार झालेल्या या पोरांना नौदल समुद्रावर पाठवेना. त्यांची नेमणूक गोदीत ओझी उचलायला, दारूगोळा चढवायला, बंदरातल्या लहानसहान बोटींवर व्हायची. कृष्णवर्णीयांच्या संघटना तक्रार करत होत्या आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनीही हा प्रश्न लावून धरला होता. शेवटी नौदलाने ठरवलं की दोन जहाजांवर कृष्णवर्णीय खलाशी ठेवून बघू. एक पाणबुड्यांचा पाठलाग करणारी लहान नौका, पीसी-१२६४, आणि दुसरं मेसन. काही गोऱ्या लोकांनी मेसनला 'एलिनॉरचा मूर्खपणा' असं कुचकं नाव ठेवलं. जहाज बुडणार, निदान बिघडणार तरी, अशी त्यांची खात्री होती.

बोस्टनच्या गोदीत बांधलेलं हे जहाज २० मार्च १९४४ ला नौदलात दाखल झालं. नाव होतं कोरल समुद्राच्या लढाईत मरण पावलेल्या न्यूटन मेसन या वैमानिकाचं. खलाशी सुमारे एकशे साठ, सगळे कृष्णवर्णीय. अधिकारी सुरुवातीला सगळे गोरे. कप्तान विल्यम ब्लॅकफर्ड. या माणसाबद्दल त्याचे खलाशी पुढे आयुष्यभर आदराने बोलत राहिले. कारण साधं होतं. त्याने जहाजाला प्रयोग मानलं नाही, जहाज मानलं. काम नीट झालं का, एवढंच तो बघायचा.

पण विचार करा, त्या पोरांवर ओझं केवढं होतं. कुठल्याही जहाजावर एखाद्याच्या हातून चूक झाली तर ती त्याची चूक असते. इथे एकाने चूक केली असती तर ती सगळ्या काळ्या लोकांची ठरली असती. असल्या जबाबदारीची कल्पना ज्यांना आहे त्यांना जास्त समजावून सांगायला नको.

जून १९४४ मध्ये पहिला ताफा. अझोर्स बेटांवरचं होर्टा बंदर आणि उत्तर आयर्लंडमधलं बेलफास्ट त्यांनी पाहिलं ते याच फेरीत. बेलफास्टच्या रस्त्यांवर एक वेगळीच गोष्ट घडली. लोकांनी त्यांना घरी बोलावलं, शेजारी बसवलं, 'यांकी' म्हणून हाक मारली, म्हणजे इतर अमेरिकनांना मारत होते तशीच. आपल्याला अमेरिकन समजणारे पहिले लोक आम्हाला आयर्लंडमध्ये भेटले, असं यांतले काही खलाशी म्हातारपणी सांगत. ज्या देशाचा गणवेश अंगावर होता, त्या देशाच्या दक्षिणेत त्यांना बसमध्ये मागे बसावं लागत होतं.

सप्टेंबर १९४४ मध्ये न्यूयॉर्कहून निघालेला ताफा मात्र खरा कसोटीचा होता. त्याचं नाव एनवाय-११९. त्यात मोठी जहाजं फारशी नव्हती. होत्या त्या ओढबोटी, बार्ज, रेल्वेचे डबे नेणारे सपाट तराफे, लहान तेलवाहू नौका. नॉर्मंडीत सैन्य उतरलं होतं आणि युरोपची मोडकी बंदरं चालू करायला हे सगळं हवं होतं. बंदराच्या शांत पाण्यात वावरणाऱ्या या बोटी अटलांटिक ओलांडायला बांधलेल्याच नव्हत्या. दोर लावून एकमेकींना ओढत, चालत्या माणसाच्या गतीपेक्षा थोड्याच अधिक वेगाने, जवळपास महिनाभर हा ताफा चालला होता. पाणबुडीला याहून सोपी शिकार मिळाली नसती. पण पाणबुडीच्या आधी गाठलं ते तुफानाने.

इंग्लंडचा किनारा जवळ आला तसा वारा वाढत गेला. लाटा डोंगरासारख्या उठू लागल्या, समोरचं दिसेना. दोर तुटले, बार्ज सुटून वाहून गेले, काही ओढबोटी बुडाल्या, माणसं गेली. ताफ्याच्या प्रमुखाने मेसनला सांगितलं की लहान बोटींना घेऊन तू पुढे हो आणि फॅलमथ बंदराची वाट शोध. १८ ऑक्टोबरला मेसन वीसेक बोटींना बंदराच्या तोंडाशी घेऊन आलं. त्याच वेळी लाटांच्या माराने मेसनचंच पोलाद फाटलं. डेकवरच्या जोडाला, जिथे वेल्डिंग होतं तिथे, चीर पडली. कोकणात ज्यांनी गलबत पाहिलं आहे त्यांना कळेल की मधल्या जोडाला चीर म्हणजे काय. जहाज दोन तुकडे होऊन जाऊ शकतं.

बंदर समोर होतं. आत शिरून नांगर टाकला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी दोनेक तासांत चीर बुजवून घेतली आणि जहाज वळवून पुन्हा त्याच वादळात बाहेर नेलं, कारण ताफ्यातल्या आणखी बोटी अजून उघड्या समुद्रात होत्या. त्यांना शोधून, धीर देऊन, ते किनाऱ्याकडे आणत राहिले.

कप्तान ब्लॅकफर्ड आणि ताफ्याचे प्रमुख आल्फ्रेड लिंड या दोघांनीही वरिष्ठांना लिहिलं की या खलाशांची सरकारी दप्तरात प्रशंसापत्राने नोंद व्हावी. दोघेही गोरे, दोघेही अनुभवी, दोघांनी काय झालं ते डोळ्यांनी पाहिलेलं. प्रशंसापत्र आलं नाही.

पुढची कामगिरी थोडक्यात. डिसेंबरमध्ये मेसन पुन्हा ताफ्याबरोबर निघालं आणि जिब्राल्टर ओलांडून ५ जानेवारी १९४५ ला अल्जीरियाच्या ओरान बंदरात पोहोचलं. जिब्राल्टर, म्हणजे मूळचं जबल तारिक, तारिकचा डोंगर. तिथून परतताना भर समुद्रात रडारवर काहीतरी दिसलं. पाणबुडीच असणार असं धरून मेसनने पूर्ण वेग घेतला, सरळ जाऊन त्यावर धडक मारली आणि वर डेप्थ चार्ज टाकले. मग दिवे लावून पाहिलं तर ते होतं कुणीतरी सोडून दिलेलं शंभर फूट लांबीचं लाकडी धूड! जहाजाच्या तळाला इजा झाली आणि दुरुस्तीला बर्म्युडाला जावं लागलं. यावर हसू येतं खरं. पण त्या काळोखात धडक देणाऱ्यांना समोर लाकूड आहे हे ठाऊक नव्हतं. पाणबुडी आहे असं समजूनच ते तिच्या अंगावर गेले होते.

१९४५ मध्ये जेम्स हेअर हे कृष्णवर्णीय अधिकारी मेसनवर रुजू झाले. आदल्या वर्षी नौदलाने पहिल्यांदाच तेरा कृष्णवर्णीयांना अधिकारी केलं होतं, त्यांतले ते एक. दुसऱ्या प्रायोगिक नौकेवर, पीसी-१२६४ वर, सॅम्युअल ग्रेव्हली नावाचा तरुण अधिकारी आला होता. तो १९७१ मध्ये अमेरिकेच्या नौदलाचा पहिला कृष्णवर्णीय अॅडमिरल झाला. मे १९४५ मध्ये युरोपातलं युद्ध संपलं तेव्हा मेसन एका ताफ्याबरोबर जिब्राल्टरपासून दोन दिवसांच्या अंतरावर होतं. १२ ऑक्टोबरला ते सेवेतून काढलं गेलं आणि १९४७ मध्ये भंगारात विकलं गेलं. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सैन्यदलांत वर्णभेद नको असा हुकूम काढला तो २६ जुलै १९४८ ला. तोवर मेसनचे खलाशी घरोघरी परतले होते.

इथे आपल्या लोकांची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. हे ताफे ज्या मालवाहू जहाजांचे असत, त्यांतल्या कितीतरी ब्रिटिश जहाजांवर हिंदुस्थानी खलाशी होते. सारंग, तांडेल, आगवाले, भंडारी. सिल्हेट आणि चितगावचे होते, तसेच रत्नागिरीकडच्या खाड्यांवरचे आपले कोकणी मुसलमानही होते. पगार गोऱ्या खलाशापेक्षा कितीतरी कमी, राहायची जागा अपुरी, आणि पाणबुडीचा मारा झाला की इंजिनाजवळ काम करणारा आगवाला वर येण्याची शक्यता सर्वांत कमी. त्या युद्धात हिंदुस्थानच्या नौदलातले आणि व्यापारी जहाजांवरचे मिळून सहा हजारांहून अधिक खलाशी असे गेले की त्यांना समुद्राशिवाय कबर नाही. त्यांच्या नावांची नोंदवही मुंबईत मशीद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये ठेवलेली आहे. 'आजोबा बोटीवर होते, परत आले नाहीत' एवढंच ज्या घरात ऐकू येत असेल, त्यांनी कधीतरी तिथे जाऊन नाव पाहावं.

मेसनच्या बाबतीत आठवण जपली ती खलाशांनी स्वतःच. जेम्स ग्रॅहम हे जहाजावरचे रेडिओवाले, लोरेन्झो डुफाऊ हे इशारे देणारे. ते आणि त्यांचे सोबती दरसाल जमत, कागद जपत, पत्रं लिहीत. अनेकांना तर अमेरिकेच्या नौदलात युद्धनौकेवर कृष्णवर्णीय खलाशी होते हेच खरं वाटत नसे. मेरी पॅट केली या लेखिका दुसऱ्या महायुद्धात आयर्लंडमध्ये आलेल्या अमेरिकन सैनिकांबद्दल काम करत होत्या. त्यात त्यांची गाठ या म्हाताऱ्यांशी पडली. त्यांनी जुने अहवाल धुंडाळले आणि १९९५ मध्ये मेसनवर पुस्तक प्रसिद्ध केलं. पुढे २००४ मध्ये चित्रपटही केला.

पुरावा तर नौदलाच्याच दप्तरात होता. ब्लॅकफर्ड आणि लिंड यांचे कागद जसेच्या तसे पडून होते. त्या वादळानंतर तब्बल पन्नास वर्षांनी नौदल सचिव जॉन डाल्टन यांच्या हस्ते ते प्रशंसापत्र दिलं गेलं. घ्यायला आले ते सत्तरीतले लोक. ब्लॅकफर्ड नव्हते, आणि फॅलमथच्या त्या सकाळी डेकवर असलेले पुष्कळजण नव्हते. त्यांच्या बायकामुलांनी नवऱ्याची, बापाची हकीकत वर्षानुवर्षं फक्त त्याच्या तोंडून ऐकली होती. आता ती सरकारी कागदावर सहीनिशी होती.

१९९८ मध्ये डाल्टन यांनी आणखी एक निर्णय जाहीर केला. नव्या बांधणीच्या एका विनाशिकेला मेसन हे नाव द्यायचं. १२ एप्रिल २००३ ला फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनव्हेरल इथे ती नौदलात दाखल झाली. जुन्या जहाजाचं नाव एका वैमानिकाच्या स्मरणार्थ होतं. नव्या जहाजाचं नाव त्या जुन्या जहाजावरच्या खलाशांच्या स्मरणार्थ आहे.